का ते विचारायचं नाही

४ मार्च

ऑफिसातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, रोज घरी गेल्यावर चार ओळी लिहीत जा, मन हलकं होईल. मन हलकं व्हायला मी काय कापूस आहे? तरी लिहितेय. आज डोक्यात जे गेलंय ते नवऱ्यापुढे ओतलं, तर तो "हं" म्हणेल आणि कूस बदलेल. दिवसभर रुग्णवाहिका चालवत तिचा भोंगा ऐकून आलेल्या माणसाला घरी आणखी एक भोंगा नको असतो, हेही खरंच.

आमचं काम असं. लहान मुलांचा एक ऑनलाइन खेळ आहे. मुलं त्यात आपापलं बेट बांधतात, दुसऱ्याच्या बेटावर पाहुणी जातात, गप्पा मारतात. त्या गप्पांत मोठी माणसं मुलं बनून शिरतात. कशासाठी शिरतात ते इथे लिहिणार नाही, समुपदेशक बाईंना काय वाटायचं ते वाटो. अशांना शोधायचं, खेळातून हाकलायचं आणि पोलिसांपर्यंत पोचवायचं. खोलीत आम्ही दहाबारा जण, खिडकी एकच, तीही पार्किंगवर उघडणारी. आमच्यापुढे गप्पा येतात तेव्हा नावं, शाळा, पत्ते सगळं काळ्या पट्ट्यांखाली झाकलेलं असतं. दिसतात फक्त दोघं: 'मूल' आणि 'समोरचा'.

कुठल्या गप्पा बघायच्या ते एक मशीन ठरवतं. ते कोपऱ्यात संशयाचा एक आकडा देतं आणि गप्प बसतं. हा ब्याऐंशी का, तो सत्तावीस का, काही पत्ता नाही. मी त्याचं नाव मुका ठेवलंय. आज मुक्याने फुटबॉलवरून भांडणाऱ्या दोन पोरांना ब्याऐंशी दिले आणि एका अट्टल हरामखोराला सत्तावीस. तो मला सापडला तो केवळ माझं नशीब म्हणून.

घाईसाहेबांकडे गेले. आमचे साहेब, बूट घालतानासुद्धा घड्याळ बघतात म्हणून हे नाव. म्हणाले, "आकडा बघा आणि पुढे चला हो."

मी म्हटलं, "साहेब, रस्त्यात कुणी नुसतं बोट दाखवून 'हा चोर' म्हणालं, तर कशावरून असं विचारणार नाही तुम्ही?"

"ते मशीन आहे."

"मग तर दोनदा विचारायला पाहिजे."

घरी आले तर टिटवी दारातच. आमचं एकुलतं एक रत्न, वय अकरा. बोलायला लागल्यापासून हिचा पहिला शब्द 'का' आणि दुसराही 'का', म्हणून टिटवी. तळ्यावरच्या सहलीला मी का जायचं नाही, हा आजचा विषय. मी दमले होते. म्हटलं, "का ते विचारायचं नाही. मी सांगते म्हणून." खालचा ओठ पुढे काढून टॅबलेट घेऊन बसली आपल्या बेटावर. कर्मचाऱ्यांच्या मुलांना सोन्याचं बेट फुकट मिळतं, मीच लावून दिलंय. निदान हा खेळ आमच्या नजरेखालचा आहे.

८ मार्च

मुका गेला, बोलका आला!

चष्मेवालीने आणला. ही आमच्याकडची इंजिनीअर पोरगी, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत फिरणारी. तिचं नवं मशीन आकडा देत नाही, रंग देतं. लाल, पिवळा, हिरवा. आणि बाजूला एक पट्टी, तिच्यात कारणं. कुठल्या ओळीमुळे संशय वाढला, कुठल्या ओळीमुळे कमी झाला. आणि सगळ्यात खाली एक वाक्य असतं, ते मला फार आवडलं: 'अमुक ओळी नसत्या, तर माझं उत्तर तमुक असतं.'

पहिल्याच दिवशी बोलक्याने एका आजोबांना लाल दिला. पट्टीत लिहिलं होतं: मोठ्या माणसासारखं लिहितो, मुलाला भेटायला बोलावतो, सायकलचं आमिष दाखवतो. मी गप्पा खालपर्यंत वाचल्या तर मधेच मुलाची आईही बोललेली; आजोबा खरेच, परगावी राहणारे, नातवाला वाढदिवसाला सायकल देणारे. मी पोट धरून हसले. आजोबांना सोडलं आणि बोलक्याला चूक कळवली.

चष्मेवाली ओशाळली. मी म्हटलं, "अगं, ओशाळतेस कशाला? चुकला, पण का चुकला ते सांगून चुकला. आमच्या घरात असं कुणी नाही. नवरा चुकला की 'हं' म्हणतो आणि पोरगी चुकली की उलट मलाच प्रश्न विचारते."

१२ मार्च

आज डोकं भणभणतंय.

आमच्याकडे पद्धत आहे, रोज थोड्या हिरव्या गप्पाही उघडून बघायच्या, मशीन झोपा काढत नाही ना म्हणून. आज एक हिरवी माझ्यापुढे आली. मूल म्हणजे एक मुलगी. तिला मी पिल्लू म्हणते. समोरचा म्हणतो, मी नववीत आहे, मला दादा म्हण. पिल्लाला अपूर्णांक जमत नाहीत, हा शिकवतो. छेद समान कर, मग बेरीज कर. छान शिकवतो, मेला. आणि प्रत्येक गणितानंतर एक प्रश्न. दुपारी घरी कोण असतं? बाबा कधी येतात? आई ओरडते का गं?

पिल्लू म्हणतं, 'आई सारखी भडकते. कारण विचारलं तर सांगतच नाही.'

काय बाई असेल ही! पोरीला दोन शब्दांत कारण सांगायला हिची जीभ झिजते का? अशा आयांमुळेच ही गिधाडं पोसली जातात. घरात कुणी धड बोलत नाही, मग जो धड बोलेल तो दादा.

पट्टी बघितली. बोलक्याने हिरवा का दिला, तर 'गृहपाठ', 'गणित', 'उद्याची परीक्षा' हे शब्द जागोजागी. आणि खाली ते वाक्य: 'अभ्यासाबद्दलच्या ओळी नसत्या, तर माझं उत्तर लाल असतं.'

चष्मेवालीला हाक मारली. तिने वाचलं आणि चष्मा डोक्यावरून नाकावर आणला, म्हणजे गंभीर. म्हणाली, "आपण त्याला शिकवायला ज्या जुन्या गप्पा दिल्या, त्यात अभ्यासाच्या गप्पा सगळ्या साध्याच होत्या. त्याने मनाशी धरलं, अभ्यास म्हणजे सुरक्षित."

"आणि या नववीतल्या घोड्याला ते बरोबर ठाऊक आहे."

"ठाऊक असेल किंवा नसेल. पण त्याचं फावतंय."

मी लाल लावला. मशीनचा हिरवा आणि माणसाचा लाल असला की निकाल साहेबांकडे जातो. घाईसाहेबांनी उभ्याउभ्या वाचलं आणि परत हिरवा केला. "अभ्यास चाललाय हो मुलांचा! उगाच कुणाच्या मागे लागू नका." मी 'पुन्हा दाखवा'वर खूण करून ठेवली, म्हणजे पिल्लाचं पुढचं सगळं माझ्याकडेच येईल. तेवढा अधिकार मला अजून आहे.

घरी जेवताना टिटवी ताटाशेजारी टॅबलेट घेऊन बसलेली. आधीच पेटलेली होते मी. काढून घेतला आणि कपाटावर टाकला. म्हटलं आता का-काचा पट्टा सुरू होणार. पण नाही, एक शब्द बोलली नाही. गपगुमान जेवली आणि ताट उचलून गेली. चला, थोडी अक्कल आली म्हणायची.

१५ मार्च

आज जरा गोड. टिटवीला गणिताच्या चाचणीत वीसपैकी अठरा! अपूर्णांक, तेही. मागच्या वेळी सात होते आणि त्या सातांसाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं.

"कुठून शिकलीस गं?"

"अशीच."

नवरा म्हणाला, "हल्ली फार शांत झालीये, नाही?" मी म्हटलं, मोठी होतेय. बक्षीस म्हणून टॅबलेट कपाटावरून काढून दिला. तिने पटकन घेतला आणि खोलीत गेली. थँक्यूसुद्धा नाही, पण असो, अठरा आहेत.

१८ मार्च

हुकूम निघालाय. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून कारणांची पट्टी बंद. फक्त रंग दिसणार.

घाईसाहेबांनी बैठक घेतली. म्हणे पट्टी वाचण्यात वेळ जातो, म्हणे माणसं मशीनशी वाद घालत बसतात, वर रोजच्या गप्पा निम्म्याही उरकत नाहीत. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे माझ्याबद्दलच बोलत होते.

चष्मेवाली हळूच म्हणाली, "सर, पट्टी काढली तर बोलका कुठे चुकतो ते कळणारच नाही. तो तेवढाच चुकेल, फक्त आपल्याला दिसणार नाही."

"सगळे तसंच चालवतात."

मग माझा ताबा सुटला. खुर्ची मागे सरकवून उभी राहिले. म्हटलं, "साहेब, कारण न सांगता नुसता हुकूम सोडणारं मला काही चालत नाही. मशीन असो की माणूस. 'मी सांगतो म्हणून' हे काही उत्तर नाही. लहान पोरसुद्धा ते ऐकून घेत नाही, मग मी का ऐकू?"

साहेब म्हणाले, "खाली बसा." मी बसले नाही. पाय दुखेपर्यंत तशीच उभी राहिले आणि बैठक माझ्याभोवती संपली.

घरी येऊन हे रंगवून रंगवून सांगितलं. नवरा चक्क "हं"पलीकडे गेला, "शाब्बास" म्हणाला. टिटवी दाराशी ऐकत होती. माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, माझ्या तोंडाला काही लागलंय. विचारलं, "काय गं?" "काही नाही," म्हणाली आणि गेली.

२२ मार्च

मला आणि शाळेला सुट्टी. नवऱ्याची ड्यूटी, माझं अंग मोडून आलेलं. टिटवीने स्वतःहून शाळेचा गणवेश धुतला, दोरीवर वाळवला आणि दुपारी इस्त्री करायला बसली. कॉलरसुद्धा नीट. शाळा उद्या, आणि आजपासून तयारी! मी म्हटलं, बाई गं, शिस्त लागली एकदाची. आरशासमोर घालूनही बघितला. मी डुलकी काढली.

२३ मार्च

पिल्लाचं पुढचं आलं.

नववीतल्या दादाला आता फोटो हवाय. गणवेशातला, 'साधाच गं'. आणि दुसऱ्या अ‍ॅपवर ये, तिथे कुणी मधे येत नाही. आणि आईला सांगू नकोस, सांगितलंस तर टॅबलेटच काढून घेईल. पिल्लू म्हणतं, 'हो, मागे काढून घेतला होता, काही विचारलंसुद्धा नाही.'

घ्या! त्या बाईने आयतं कोलीत दिलं माकडाच्या हातात. समोर असती ना, तर चांगलं झापलं असतं तिला.

पण पिल्लू! काय गुणाचं पिल्लू आहे. फोटो हवा म्हटल्यावर विचारते, 'का?' तो म्हणतो, असंच. ती परत, 'असंच म्हणजे का?' तो म्हणतो, तू माझी लाडकी ना. ती म्हणते, 'पण फोटो का?' शेवटी म्हणाली, 'काल काढला होता, पण नाही पाठवत. आधी का ते सांग.' मी स्क्रीनसमोर टाळी वाजवली. शेजारचे दचकले. विचार गं बाई, विचार, सोडू नकोस त्याला.

बोलक्याचा रंग आता पिवळा झालाय. गणितं अजून त्याला मागे ओढतायत. पण पट्टीत सगळ्यात वर, सगळ्यात गडद ओळ ही: 'मुलाने पुन्हा पुन्हा कारण विचारलं, समोरच्याने प्रत्येक वेळी टाळलं.' चष्मेवाली म्हणाली, हे तिने शिकवलेलं नाही, त्याने खऱ्या प्रकरणांमधून स्वतः उचललंय.

साहेबांकडे गेलो दोघी. म्हणाले, पिवळा म्हणजे आठवड्याने फेरतपासणी. आठवड्याने! त्या आठवड्यात तो हरामखोर पोरीला नेईल दुसऱ्या अ‍ॅपवर आणि मग आमच्या हाती काळ्या पट्ट्या तेवढ्या उरतील. "लाल करा," मी म्हटलं. "नियम आहे," ते म्हणाले. "नियम का आहे?" "प्रत्येक गोष्टीला का विचारू नका हो!"

तिथेच ठरलं माझं.

२४ मार्च

साहेबांना न विचारता थेट पोलिसांकडे गेले. आमच्या नियमात हे बसत नाही. नियमांनी आपलं आपण बघावं. चष्मेवाली म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, तुझी नोकरी नवी आहे. ती म्हणाली, "मशीन माझं आहे, ते काय म्हणतंय ते मीच सांगणार." चष्मा नाकावरच होता. मला ती पोरगी फार आवडते.

लहान मुलांचे गुन्हे बघणाऱ्या अधिकारी बाई भेटल्या. पन्नाशीच्या, टेबलावर एक पेरू आणि चाकू. पेरू कापता कापता ऐकत होत्या. पट्टी बघितल्यावर चाकू खाली ठेवला.

म्हणाल्या, "मशीन म्हणतंय म्हणून माणूस धोकादायक, असं न्यायाधीशांपुढे मांडलं तर मला बाहेर काढतील. मागे एकदा काढलंय. पण हे वेगळं आहे. कुठली ओळ, कशासाठी, काय बदललं तर उत्तर बदलेल. हे मी माझ्या शब्दांत मांडू शकते, खोडू शकते, तपासू शकते." मग विचारलं, "ही हिरवी ओढ कशाची?"

चष्मेवालीने सांगितलं, "ती आमची चूक आहे. तीही लिहून देते."

"द्या. चूक लिहून देणारा साक्षीदार मला आवडतो."

त्या आजच आदेश काढून कंपनीकडून दोघांची खरी नावं मागवणार आहेत. मी म्हटलं, "बाई, मुलीकडे आधी जा. आणि तिच्या आईला माझ्याकडून चार शब्द सुनावा." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "आईला सुनावून आजवर एकही मूल वाचलेलं मी पाहिलं नाही."

मला ते काही पटलं नाही.

२५ मार्च

घाईसाहेबांना आदेश मिळाला आणि त्यांचं घड्याळ बंद पडलं. माहिती तर द्यावीच लागली. त्यानंतर मला बोलावलं.

"कुणाच्या परवानगीने गेलात?"

"पिल्लाच्या."

"कोण पिल्लू?"

"तेच तर विचारतेय मी दोन आठवडे."

चौकशी होईपर्यंत घरी बसा, असा कागद हातात दिला. पट्टी मात्र एक तारखेला बंद होणार म्हणजे होणार. मी टेबलावरचं सामान उचललं: कप, चपला, एक अर्धमेलं मनीप्लँट. जाताना सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हटलं, "एक तारखेला मी बाहेर गेटशी उभी असेन. बघू कोण पट्टी बंद करतं."



२६ मार्च

दुपारी घरी असण्याची मला सवय नाही. टिटवी शाळेतून आली, कुलुपाला किल्ली लावायला गेली तर दार मीच उघडलं. चेहरा पांढराफटक झाला तिचा.

"तू घरी? का?"

"ऑफिसातलं आहे. तुला काय करायचंय? हातपाय धू."

खोलीत गेली. मी खिचडी टाकली. जरा वेळाने डोकावले तर टॅबलेट पालथा ठेवून भिंतीकडे बघत बसलेली. म्हटलं खेळ ना, आज ओरडत नाही मी. मान हलवली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात अधिकारी बाई. साध्या कपड्यांत, एकट्या, पायात चपला.

मी म्हटलं, "माझा जबाब का? या, घर जरा पसरलंय."

त्या आत आल्या पण बसल्या नाहीत. आवाज अगदी खाली. "तुम्हाला मूल आहे?"

"आहे की. टिटवी. अकराची."

"तिच्याकडे टॅबलेट आहे?"

"आहे, खेळते. सोन्याचं बेट कंपनीनेच—"



अपूर्णांक. वीसपैकी अठरा. कॉलरची इस्त्री. आणि कारण विचारलं तर न सांगणारी ती आई.

त्या म्हणाल्या, "खातं तुमच्या नोकरीच्या क्रमांकावर निघालं. मी फोनवर सांगणार होते, मग म्हटलं, नको."

मी खोलीकडे निघाले. काय करणार होते देव जाणे. टॅबलेट भिंतीवर आपटणार होते, पोरीला हलवून विचारणार होते, काय केलंस हे! बाईंनी कोपर धरलं. "आत जाऊन आवाज चढवलात, तर तिला जे सांगायचंय ते ती कधीच सांगणार नाही."

"मला माझ्या पोरीशी बोलायला शिकवू नका," मी फणकारले. मग स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. खिचडी खाली लागल्याचा वास येत होता. गॅस बंद केला, तोंड धुतलं आणि आत गेले.

टिटवीने सगळं ऐकलं होतं. टॅबलेट दोन्ही हातांनी पुढे केला. हनुवटी वर, डोळे काठोकाठ.

"घे. काढून घे. घे ना!"

"नाही घेत."

"का?"

सवयीने तोंडात तेच वाक्य आलं होतं. ते गिळलं. खाली फरशीवर तिच्या पायांशी बसले आणि सांगितलं. माझं काम काय आहे ते, जे आजवर तिला कधीच सांगितलं नव्हतं. ती माणसं कशी बोलतात, गणित कशाला शिकवतात, फोटो कशाला मागतात. तिच्या वयाला झेपेल तेवढं, पण खरं. तळ्यावर का पाठवलं नाही तेही सांगितलं: तिथे मागच्या वर्षी एक मुलगा बुडाला होता आणि मला रात्रभर झोप लागली नव्हती.

तिने टॅबलेट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी नाही पाठवला फोटो. तो का ते सांगतच नव्हता."

मी तिला घट्ट धरलं. "शहाणी गं माझी ती." अधिकारी बाई दाराच्या चौकटीशी फरशीकडे बघत उभ्या होत्या.

नवरा आला तेव्हा मी सांगायला सुरुवात केली. तो "हं" म्हणाला नाही. टिटवीशेजारी जाऊन बसला आणि सकाळपर्यंत तिथून उठला नाही.

३१ मार्च

माणूस सापडला. नववीत नव्हता एवढंच लिहिते. नववीतल्या मुलांचा बाप शोभेल असा होता. त्याच्याकडे आणखी बऱ्याच मुलींची गणितं सुटत होती. बाई आता त्या एकेका घरी चालल्यायत. म्हणाल्या, प्रत्येक दारात आधी आईला पाणी प्यायला सांगते.

आज माझी चौकशी झाली. लांब टेबल, चार जण, घाईसाहेब टोकाला. माफीचा कागद तयारच होता: भावनेच्या भरात नियम मोडले, पुन्हा असं करणार नाही. मी म्हटलं, "सही करणार नाही. भावनेच्या भरात केलं नाही. तेव्हा मला ठाऊकही नव्हतं ती माझी आहे. आणि पुन्हा करणार नाही हे मी कशाच्या जोरावर लिहू? पुन्हा कुणाचं तरी पिल्लू तिथे असणारच."

एक जण म्हणाला, "पण आता सगळं नीट झालं ना?"

"पट्टी बंद करा, मग बघा किती नीट होतं ते. उद्या तुमच्या नातीच्या गप्पा हिरव्या आल्या, तर का हिरव्या ते कुणाला विचाराल?"

अधिकारी बाईंनी आणि चष्मेवालीने लेखी दिलंय, त्यामुळे पट्टी तूर्त तीन महिने राहणार. तूर्त म्हणे! तीन महिन्यांनी पुन्हा भांडू. माझी चौकशी लांबवलीये, पगार अर्धा. घाईसाहेब जिन्यात भेटले. थांबले, घड्याळ बघितलं नाही, म्हणाले, "मी हिरवं केलं होतं हो ते." त्यांना दोन मुलं आहेत, धाकटी सात वर्षांची.

संध्याकाळी टिटवीला सगळं सांगितलं. हल्ली सगळं सांगावं लागतं. कुकरच्या किती शिट्ट्या आणि का, इथपर्यंत. जीव मेटाकुटीला येतो. तिने विचारलं, "ती मी आहे हे तुला माहीतच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग भांडलीस का?"

"कारण ती का, का विचारत होती आणि कुणीच तिला उत्तर देत नव्हतं."

तिने विचार केला. विचार करताना ती नाक खाजवते. मग म्हणाली, "मी तर घरीपण विचारायचे. तेव्हा तू का नाही दिलंस?"

मी खूप शोधलं. दमलेली असायचे, घाई असायची, माझ्या आईनेही कधी दिलं नव्हतं. यातलं एकही कारण त्या पट्टीवर टिकलं नसतं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

"बरं," टिटवी म्हणाली. "माहीत झालं की सांग." आणि माझ्या मांडीवर पाय टाकून गणिताचं पुस्तक उघडलं. म्हणाली, आता दशांश अपूर्णांक आहेत आणि ते तिला अजिबात येत नाहीत. मलाही येत नाहीत. दोघी बसलोय.